वय वंदना कार्डावर आईचे गुडघे करायचेत, पण काम कसं झालं हे सरकार बघतं का?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई 73 वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेत, राहायला बडोद्यात मांजलपूरला, वय वंदना कार्ड (सत्तरी गाठलेल्यांचं आयुष्मान कार्ड) काढून झालंय. एका हॉस्पिटलात म्हणाले कार्डावर सगळं होईल, दुसऱ्यात म्हणाले कार्डावर "सरकारी जॉइंट" बसतो, 40 हजार वर द्या तर इम्पोर्टेड बसवू. मग तुम्ही विचारलंय की सरकार पैसे देताना काम कसं झालं हे बघतं, की नुसती बिलं पास करतं. आणि शेवटी, दिवाळीआधी करावं की नंतर.

आधी मी कोण ते सांगते म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हीच ठरवा. मी बी.एच.एम.एस., म्हणजे होमिओपॅथीची डॉक्टर आहे, घरच्यांनी ठरवलं होतं की दांडिया बाजारात काकांच्या दवाखान्यात बसायचं, पण मी गेले क्लेम तपासायला. सहाएक वर्षं त्या खुर्चीत होते, आधी आपली गुजरातची "मा" आरोग्य योजना आणि मग 2018 ला आयुष्मान आली ती, म्हणजे हॉस्पिटलने पाठवलेले कागद बघायचे आणि मंजूर, नामंजूर किंवा क्वेरी टाकायची. नंतर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आले, आता बडोद्यातल्याच एका हॉस्पिटलात क्वालिटी आणि इन्शुरन्स डेस्क बघते. तेव्हा चोर-पोलीस दोन्ही खेळून झालंय म्हणा. हाडांची डॉक्टर मी नाही, त्यामुळे काकूंना, म्हणजे तुमच्या आईंना, ऑपरेशन हवंच का हे मी सांगणार नाही.

पहिलं ते 40 हजारांचं उरकते. "सरकारी जॉइंट" नावाची वस्तूच नसते. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या जॉइंटच्या किमतींना छत घातलं, सगळ्यात जास्त वापरला जातो तो कोबाल्ट-क्रोमियमचा पूर्ण संच 54,720 रुपये, टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमवाला 76,600, वर जीएसटी. त्याआधी हाच कोबाल्टवाला दीड लाखाच्या वर लावायचे. पुढे आकडे थोडे हलत राहिले, पण छत धातूच्या प्रकाराला आहे, देशी-विदेशीला नाही. म्हणजे "इम्पोर्टेड" हा शब्द ऐकून 40 हजार काढून द्यायला काही आधार नाही. आणि योजनेचा मूळ नियमच असा की पॅकेजमध्ये, म्हणजे त्या उपचारासाठी सरकार हॉस्पिटलला देतं त्या ठरावीक रकमेत, जे येतं त्याचे पेशंटकडून पैसे घ्यायचेच नाहीत. त्यात जॉइंट, ऑपरेशन, भूल, बेड, जेवण, औषधं, ॲडमिट व्हायच्या आधीचे 3 दिवस आणि डिस्चार्जनंतरचे 15 दिवस सगळं आलं. ज्यांनी मागितले त्यांना एवढंच म्हणा, "पावती द्याल ना?" बहुतेक तिथेच विषय संपतो. नाही संपला तर 14555 वर तक्रार करा. अशा तक्रारीला वजन असतं, का ते खाली येईल.

आता खरा प्रश्न. तुम्ही तो कार्ड की कॅश असा मांडलाय, पण मला वाटतं तुम्हाला खरं हे विचारायचंय की ऑपरेशन झाल्यावर तीन महिन्यांनी काकू जिना चढतील का, आणि नाही चढल्या तर ते कुणाच्या लक्षात तरी येईल का. कॅशमध्ये तर ते कुणाच्याच लक्षात येत नाही, हे आधी समजून घ्या. पैसे भरले, पावती फाडली, विषय संपला, कुठे नोंद नाही. योजनेत निदान कुणीतरी बघायचा प्रयत्न करतंय, अर्धवट का होईना. त्यातला कुठला अर्धा जमलाय आणि कुठला नाही ते सांगते.

जमलेला अर्धा म्हणजे कागद आणि चोरी. मी क्लेम बघायचे तेव्हा एकच एक्स-रे तीन वेगवेगळ्या पेशंटच्या नावावर आलेला पकडलाय, एकदा तर उजवा गुडघा आरशासारखा उलटा करून डावा म्हणून पाठवला होता, सापडला कशाने तर कोपऱ्यातलं "आर" अक्षर उलटं दिसत होतं. तेव्हा हे सगळं डोळ्यांनी शोधायचं. आता राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण, म्हणजे ही योजना चालवणारी दिल्लीची संस्था, त्यांचं फसवणूक शोधणारं वेगळं पथक आहे, राज्यांची आपापली आहेत, कॉम्प्युटरच संशयास्पद क्लेमवर झेंडा लावतो. गुडघ्याच्या फाइलला ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा एक्स-रे लागतो, ऑपरेशनची नोट लागते, इम्प्लांटच्या, म्हणजे त्या जॉइंटच्या, खोक्यावरचा स्टिकर लागतो. तो स्टिकर लक्षात ठेवा. न बदललेला गुडघा बदलला म्हणून पैसे घेणं आज कठीण झालंय.

पण गुडघा खरंच बदलला, बरोबर पेशंटचा बदलला, आणि वाईट बदलला तर? तिथे कागद गप्प बसतो. ऑपरेशननंतरच्या एक्स-रेत जॉइंट जागेवर दिसला की क्लेम पास. बाई चालते की नाही हे एक्स-रेत दिसत नाही.

नोव्हेंबर 2024 चं अहमदाबादचं प्रकरण तुम्हाला आठवत असेलच, मेहसाणा जिल्ह्यातल्या एका गावात फुकट कॅम्प, तिथून 19 जणांना बसमध्ये घालून हॉस्पिटलला नेलं, सगळ्यांची अँजिओग्राफी, सात जणांना अँजिओप्लास्टी, दोघं गेले. कार्ड खरी, पेशंट खरे, स्टेंटही खरे. चोरी पकडणारी यंत्रणा अशा ठिकाणी आंधळी असते, कारण तिचा प्रश्न "केलं का?" असा असतो, "करायला हवं होतं का?" हा नसतोच. त्यानंतर आपल्या राज्याने नियम घट्ट केले, अँजिओग्राफीची सीडी अपलोड करायला लावली, आणि नवजात बाळं, कॅन्सरचे शेक (रेडिएशन), सांधे बदलणं यांच्यासाठीही नवे नियम आणले. आमच्या डेस्कवर त्या महिन्यात रोज कुरकुर, पण माझं मत विचाराल तर सीडी मागणं बरोबरच आहे. त्या फिल्मवर दुसरा डॉक्टर मत देऊ शकतो, एक्स-रेच्या फोटोपेक्षा ते खूप बरं.

दुसरा अर्धा म्हणजे क्वालिटी. त्यासाठी सरकारने आधी गाजर दाखवलं. हॉस्पिटलकडे एन.ए.बी.एच.चं, म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, सुरुवातीचं प्रमाणपत्र असेल तर पॅकेजवर 10 टक्के जास्त, पूर्ण असेल तर 15 टक्के. शिवाय योजनेची स्वतःची ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी सर्टिफिकेटं, भिंतीवर फ्रेम करून लावलेली दिसतील तुम्हाला. याचा उपयोग होतो का? होतो, आणि मी हे पोटापाण्यासाठी बोलत नाहीये (जरी माझं पोट त्यावरच चालतं). प्रमाणपत्र घ्यायच्या निमित्ताने हात धुवायची बेसिनं लागतात, ऑपरेशन थिएटरची हवा तपासली जाते, चुकीच्या बाजूवर सुरी चालू नये म्हणून भूल द्यायच्या आधी चेकलिस्ट वाचतात, इन्फेक्शन किती झाली याचं रजिस्टर सुरू होतं. हे सगळं आधी नव्हतं, मी डोळ्यांनी बघितलंय. पण तपासनीस यायच्या आधीचा आठवडा कसा असतो तेही बघितलंय, मुंज असलेल्या घरासारखा. प्रमाणपत्र सांगतं की स्वयंपाकघर स्वच्छ आहे, आमटी कशी झालीय ते जेवणाऱ्यालाच विचारावं लागतं.

हे प्राधिकरणालाही कळत होतं, म्हणून जानेवारी 2023 मध्ये त्यांनी जाहीर केलं की हॉस्पिटलांना आता किती ऑपरेशनं केली यावर नाही, तर पेशंटला काय मिळालं यावर ग्रेड देणार. पाच गोष्टी धरल्या: पेशंट समाधानी आहे का, परत ॲडमिट व्हावं लागलं का, खिशातून किती गेले, खऱ्या ठरलेल्या तक्रारी किती, आणि उपचारांनी त्याचं जगणं किती सुधारलं. हे ग्रेड लोकांना बघता येतील असंही तेव्हा सांगितलं होतं. मला विचाराल तर या योजनेतलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल हे, आणि सगळ्यात कमी चर्चा झालेलंही. माझ्या काउंटरवर आजवर एकही माणूस ग्रेड बघून आलेला नाही. लोक येतात ते रिक्षावाल्याने सांगितलं म्हणून किंवा व्याह्यांचं इथे झालं म्हणून.

त्या पाचातलं "परत ॲडमिट" वालं का महत्त्वाचं ते एका आजींवरून सांगते. बडोद्याजवळच्या पादऱ्याकडच्या होत्या, गुडघा दुसऱ्या एका हॉस्पिटलात झालेला, नाव नको. डिस्चार्जनंतर अठराव्या दिवशी जखमेतून पाणी यायला लागलं. पॅकेजमधले 15 दिवस संपलेले. तिथे गेल्या तर म्हणाले आता नवीन केस, पुन्हा ॲडमिट व्हा, जखम साफ करायचं वेगळं पॅकेज लावू. यात बेकायदा काही नाही हो, पण हिशेब बघा: पहिल्यांदा नीट काम केलं असतं तर हॉस्पिटलला एकदाच पैसे, बिघडलं म्हणून दोनदा. मुलगा वैतागून त्यांना आमच्याकडे घेऊन आला, आणि घाबरलेला असल्यामुळे कार्ड न दाखवता रोख भरले. म्हणजे सरकारच्या कॉम्प्युटरमध्ये ती बाई आजही ठणठणीत आहे, गुडघा यशस्वी, परत ॲडमिट शून्य, खिशातून खर्च शून्य. म्हणून सांगते, काही बिघडलं तर पुढचा उपचारही कार्डावरच करा आणि तक्रार नोंदवा. तुमच्या तक्रारीशिवाय त्या पाच आकड्यांना काही कळतच नाही.

फोनचंही तसंच. समाधान विचारायला फोन येतो तो कार्डाला जोडलेल्या नंबरवर. ऑगस्ट 2023 मध्ये कॅगचा अहवाल आला त्यात साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाइल नंबरला जोडलेले सापडले होते. आता ते सगळे समाधानी आहेत का हे कुणाला विचारणार? काकूंच्या कार्डावर तुमचा नंबर आहे की कार्ड काढून देणाऱ्या पोराचा, हे आजच तपासा.

माझी नणंद न्यू जर्सीला असते, ती म्हणते आमच्याकडे हे सगळं कधीच झालं. झालंय खरं. तिथली मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांची सरकारी विमा योजना, ऑक्टोबर 2012 पासून 30 दिवसांत परत ॲडमिट होणारे पेशंट जास्त असले तर हॉस्पिटलचे पैसे कापते, पुढे ती कपात 3 टक्क्यांपर्यंत गेली, आणि गुडघे-खुबे नंतर त्यात घेतले. 2016 ते 2024 तर बऱ्याच शहरांत गुडघ्याच्या ऑपरेशनपासून डिस्चार्जनंतरच्या 90 दिवसांपर्यंतचा सगळा खर्च एकत्र धरून त्याची जबाबदारी हॉस्पिटलवर टाकली होती. 90 दिवस! मग हॉस्पिटल आपणहून फोन करायचं, आजी व्यायाम केला का, जखम कशी आहे. आपले 15 आणि त्यांचे ते 90 यातला फरक मला रोज दिसतो, कारण गुडघा बिघडतो किंवा सुधरतो तो बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. अर्थात त्यांचंही सगळं छान नाही, कपात टाळायला पेशंटला ॲडमिट न करता नुसतं "देखरेखीखाली" ठेवतात अशी तिकडेही ओरड झालीच. माणूस इथूनतिथून सारखाच.

एक गोष्ट मात्र मला टोचते. आपल्याकडे "किफायत" म्हटलं की रेट कापणं एवढंच सुचतं. 2023 ला गुजरातेत डायलिसिसचा रेट 2,000 वरून 1,650 केला, ऑगस्टमध्ये किडनीच्या डॉक्टरांनी तीन दिवस योजनेतलं डायलिसिस बंद ठेवलं. कोण बरोबर यात मी पडत नाही, पण डायलिसिसवरचा माणूस किती वेळा इन्फेक्शन होऊन परत येतो हे त्या भांडणात कुणी बोललंच नाही. स्वस्तात केलेलं आणि पुन्हा करावं लागलेलं काम महागच पडतं हे घर रंगवणाऱ्याला कळतं, आपण ते दवाखान्यात विसरतो.

हां, अजून एक आतली गोष्ट, कारण काकूंचे दोन्ही गुडघे आहेत. योजनेचा सर्वसाधारण नियम असा की एकाच वेळी एकाहून जास्त ऑपरेशनं केली तर पहिल्याचे पूर्ण, दुसऱ्याचे निम्मे आणि तिसऱ्याचे पाव पैसे मिळतात. म्हणजे दोन्ही एकदम करायचे की दोन-तीन महिन्यांनी वेगवेगळे, यात हॉस्पिटलचा हिशेबही येऊ शकतो. मी असं म्हणत नाही की वेगळे सांगितले म्हणजे पैशासाठीच सांगितले, 73 व्या वर्षी, त्यात शुगर किंवा हार्टचं काही असेल तर वेगळे करणंच बरं असंही डॉक्टर म्हणतील. पण कारण विचारा. "काकूंचं हार्ट बघता एकदम नको" हे उत्तर झालं, "आमच्याकडे असंच करतो" हे नाही.

तर हॉस्पिटल कसं निवडायचं? माझं म्हणणं साधं आहे, ज्या पाच गोष्टी सरकारला मोजायच्या आहेत त्या तुम्हीच जाऊन विचारा. सर्जनला भेटा, मार्केटिंगवाल्याला नाही. विचारा की मागच्या वर्षी स्वतः किती गुडघे केले आणि त्यातले किती जखमेसाठी परत आले. जो म्हणेल "एकही नाही" त्याच्यापासून जरा जपून, जो थांबून आठवून "दोन-तीन आले होते, एकाची शुगर वाढलेली होती" असं सांगेल तो मोजतोय. विचारा की कार्डाच्या आणि कॅशच्या पेशंटचं थिएटर आणि वॉर्ड एकच का, आणि कार्डावरचे ऑपरेशन तुम्ही स्वतः करता की ज्युनिअर. मग कार्डावरच गुडघा झालेल्या, सहा महिने झालेल्या एखाद्या पेशंटशी बोलायला मिळेल का बघा. हे सगळ्यात भारी पडतं, आमच्याकडे कुणी मागितलं तर मी पेशंटची परवानगी घेऊन गाठ घालून देते. आणि फिजिओथेरपी, ती 15 दिवसांनंतर कोण करणार, घरी येणार का, किती घेणार. पॅकेज संपल्यावर खिशातून जातात ते बहुतेक इथेच, आणि लोक नेमकी इथेच काटकसर करतात.

बडोद्याच्या सरकारी सयाजी हॉस्पिटलचंही नाव काढून ठेवते, कारण तुमच्या यादीत ते नव्हतंच. गर्दी आहे, तारखेची वाट बघावी लागेल, पण हाडांचा विभाग जुना आहे आणि तिथे कुणी तुम्हाला इम्पोर्टेड विकणार नाही. काकूंना रात्री झोप येत असेल, घरातल्या घरात चालत असतील तर थांबणं परवडतं. नसेल येत तर खाजगीत करा, कार्डावरच. घरात वेगळी मेडिक्लेम पॉलिसी असली तरी वय वंदना चालतं, पण सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा एक्स-सर्व्हिसमनची योजना असेल तर दोनातलं एक निवडावं लागतं, ते आधी बघून घ्या.

डिस्चार्जच्या दिवशी तो स्टिकर मागायला विसरू नका. फाइलला एक लावतात, तुम्हाला डिस्चार्ज समरीवर एक लावून द्या म्हणा. पुढे दहा-पंधरा वर्षांनी गुडघा पुन्हा उघडायची वेळ आली तर कुठल्या कंपनीचा, कुठल्या साइजचा बसवलाय हे त्यावरूनच कळतं. स्वीडनमध्ये 1975 पासून गुडघ्याच्या ऑपरेशनांची नोंद राष्ट्रीय रजिस्टरमध्ये होते, आपल्याकडे निदान तुमच्या कपाटातल्या फाइलमध्ये तरी असू दे.

आणि दिवाळीचं. पहिले सहा आठवडे घरात कुणीतरी लागतं, उठवायला, दिवसातून दोन-तीनदा व्यायाम करून घ्यायला, जखम बघायला. तुम्ही लिहिलंय बायकोची शाळा आहे आणि बहीण पुण्याहून दिवाळीच्या सुट्टीत येणार आहे. मग बहीण यायच्या दोन दिवस आधीची तारीख घ्या, ती तीन आठवडे राहणार असेल तर उरलेल्या तीनचं आत्ताच ठरवा, नाही जमलं तर सरळ उन्हाळ्याच्या सुट्टीवर ढकला. तोवर शुगर ताब्यात आणा आणि दात दाखवून घ्या, दातात पू असेल तर बरेच सर्जन तारीखच देत नाहीत. काकू फराळाला बसणार म्हणून हट्ट करतील तर करू द्या, फक्त चकल्या ओट्याशी उभं राहून तळायच्या नाहीत म्हणावं.